कांदा निर्यातबंदीचं मॉडेल करताय? या चुका टाळा

निर्यातबंदीमुळे बेळगावच्या बाजारात कांद्याचा भाव किती पडला, हे काढणारी एक्सेल शीट दरवर्षी कुणी ना कुणी मला दाखवायला आणतं. बहुतेक अर्थशास्त्राचे विद्यार्थी, घरची शेती असलेले. मेहनत खरी असते, पण आकडा चुकला की तोच पुढे शेतकऱ्याच्या विरोधात वापरला जातो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आधी वजा नंतर'. २०२३ ची बंदी घ्या, ती ८ डिसेंबरला आली. नोव्हेंबरच्या सरासरीतून जानेवारीची सरासरी वजा केली की झाला बंदीचा परिणाम! पण त्याच दिवसांत बागलकोट, गदगकडचा खरिपाचा लाल कांदा गाड्या भरून येत असतो. बंदी नसती तरी भाव थोडाफार उतरलाच असता. शिवाय भाव चढले म्हणूनच सरकार बंदी घालतं, आणि चढलेला भाव बऱ्याचदा नवा माल आल्यावर आपणहून खाली येतो. नोव्हेंबरचा भावही मोकळा नव्हता. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं आणि ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली होती, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवता येत नव्हता.

मग मागच्या वर्षांच्या डिसेंबरशी तुलना करावी म्हटलं, तर तिथेही खड्डा आहे. २९ सप्टेंबर २०१९ ला आलेली बंदी मार्च २०२० पर्यंत चालली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा आली ती १ जानेवारी २०२१ ला उठली. ही वर्षं 'नेहमीची' धरू नका. आवक आणि महिना दोन्ही समीकरणात घ्या.

दुसरी चूक: ४० टक्के शुल्क म्हणजे भाव ४० टक्क्यांनी कमी, असं धरणं. समजा परदेशी खरेदीदार किलोला ४२ रुपयांवर जायला तयार नाही. शुल्क धरून ४२ बसवायचे, तर निर्यातदाराच्या हातात ३० उरतात, म्हणजे घट साधारण २८.६ टक्के. आता निवड, बारदान, भाडं, बंदरापर्यंतचा खर्च ८ रुपये धरा. तो शुल्क लागलं म्हणून कमी होत नाही. शेतकऱ्याला आधी ३४ मिळत होते, आता २२. घट ३५ टक्क्यांवर गेली! एकच शुल्क, पण बंदरावर एक टक्केवारी आणि बांधावर दुसरी. तुम्ही कुठला भाव मोजताय, ते शीटच्या पहिल्याच ओळीत लिहा. त्यातही भारत कांद्याचा मोठा निर्यातदार आहे. आपला माल महागला की बाहेरचा भावही थोडा चढतो, आणि तेवढा भार तिकडचा ग्राहक उचलतो.

किमान निर्यात किंमत हे शुल्क नव्हे. ८३ रुपयांच्या डॉलरने ८०० डॉलर म्हणजे किलोला ६६ रुपयांच्या वर. बाहेरचा भाव त्याहून कमी असला तर ती जवळपास बंदीच, जास्त असला तर तिचा काहीच परिणाम नाही. तिला सरळ टक्केवारीत बदलू नका.

रोजच्या सर्वसाधारण दरांची नुसती सरासरीही काढू नका. शंभर पोती आलेला दिवस आणि पाच हजार पोती आलेला दिवस सारखे कसे? आवकेचा भार द्या, म्हणजे ज्या दिवशी माल जास्त, त्या दिवसाचा दर सरासरीत तितका जास्त मोजा.

आणि आपल्या भागापुरतं: निपाणीकडचा शेतकरी भाव बघून माल कोल्हापूरला नेतो, मग त्याचं पोतं महाराष्ट्राच्या आवकेत मोजलं जातं. बेळगावातून गोव्यालाही माल जातो. म्हणून फक्त कर्नाटकाचे बाजार घेऊन मॉडेल बांधलं तर बराच व्यवहार निसटतो. कोल्हापूरचा भाव शेजारच्या रकान्यात ठेवा, आणि जमलं तर दोन-चार शेतकऱ्यांच्या घरच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर अडत्याने दिलेले हिशेबाचे कागद, मागून घ्या. हमाली, तोलाई वजा जाऊन हातात काय पडलं, ते त्यांच्यावरच लिहिलेलं असतं.