इमारतींच्या दर्जावर संयुक्त संशोधन करताय? या चुका टाळा

विद्यापीठ, वास्तुविशारद, ठेकेदार आणि इमारत वापरणारी संस्था एकत्र येतात, करारावर सह्या होतात आणि वर्षभराने हाती पडतो तो सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचा अहवाल. असं झालं की खापर विश्लेषणावर फुटतं. खरा घोळ बहुधा नोंदींतच झालेला असतो.

दोष कशाला म्हणायचं हे न ठरवता नोंदी सुरू करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका ओल्या भिंतीबद्दल राहणारा लिहितो ‘ओल’, साइट सुपरवायझर लिहितो ‘वॉटरप्रूफिंग’ आणि प्लंबर लिहितो ‘जॉइंट लीक’. तक्त्यात दोष तीन, भिंत एकच. त्यातही पहिलं लक्षण आहे, दुसरं कामाचं खातं आणि तिसरं कारण. यांचे रकाने वेगळे ठेवा, आणि तपासणी होईपर्यंत कारणाचा रकाना खुशाल रिकामा राहू द्या. पाणी शिरतं एकीकडे आणि डाग उमटतो भलतीकडेच; पाइपच्या कडेने, स्लॅबमधल्या भेगांतून ते बरंच लांब जातं. डाग बघून कारण लिहून टाकलं, तर पुढची सगळी आकडेमोड त्या अंदाजावरच उभी राहते. सुरुवातीलाच सर्व भागीदारांनी त्याच काही जागा पाहाव्यात, आपापसांत न बोलता नोंदी कराव्यात आणि मग ताडून बघाव्यात.

ठेकेदार माहिती देत नाही? आधी करार उघडा. ती माहिती बिल अडवायला वापरली जाणार नाही, असं त्यात लेखी आहे का? कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे) कमी पडले हे लिहून देणाऱ्याचेच पैसे कापले जाणार असतील, तर तो लिहील कशाला! अपवाद एकच: जिवाला धोका असलेला दोष तत्काळ कळवायचा, आणि हेही करारातच हवं.

क्यूब (ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे भरलेले ठोकळे) पास झाले म्हणून काँक्रीट चांगलं, असंही धरू नका. नमुन्याचा क्यूब 28व्या दिवसाच्या चाचणीपर्यंत पाण्यात मुरतो. कॉलमच्या वाट्याला तेवढं क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) येईलच असं नाही. शिवाय व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) नीट न फिरल्याने राहिलेल्या पोकळ्या क्यूबमध्ये दिसत नाहीत. रिबाउंड हॅमरही (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) पृष्ठभागाबद्दलच बोलतो, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनमुळे (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक झाला असेल तर आकडा जास्त येतो.

खोल्यांतल्या तापमानाचे आकडे विचित्र येत असतील, तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी सेन्सर उन्हाच्या तिरिपेत आहे का ते बघा. एकाच ऋतूतल्या मोजमापावरून वर्षाचे निष्कर्षही काढू नका. वापरणाऱ्यांना ‘समाधानी आहात का?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘अतिथंड’ ते ‘अतिउष्ण’ अशी सात पायऱ्यांची मोजपट्टी द्या आणि मोजमाप चालू असतानाच विचारा.

आणि देखभाल करणारा माणूस बैठकीला बोलवा. कोणती खिडकी तारेने बांधून ठेवली आहे, हे त्यालाच माहीत असतं. बैठक त्याच्या पाळीत ठेवा, आणि त्या वेळेचे पैसे प्रकल्पातून द्या.