कुर्दी गालिचा घेताना आधी पाठ बघा

कुर्दी गालिचा समोर आला की नक्षीवर भाळण्याआधी त्याचा कोपरा उलटा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठींच्या ओळी जराशा वाकड्यातिकड्या असतात. झालर म्हणजे गालिच्याच्याच उभ्या धाग्यांची टोकं. ती वेगळी शिवलेली दिसली तर विक्रेत्याला कारण विचारा. लाल रंगात मध्येच फिकट पट्टा दिसला तर डाग समजून नाक मुरडू नका. लोकर थोडी थोडी रंगवलेली असते, त्यामुळे छटा बदलते. याला ‘अब्रश’ म्हणतात. मला तर गालिच्याचा जीव त्यातच दिसतो.

इराणमधल्या बिजार या कुर्दी शहराचा गालिचा असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. त्याचे आडवे धागे ओले करून जड फणीने ठोकून बसवतात, म्हणून तो फळीसारखा ताठ असतो. चादरीसारखी त्याची घडी कधीच घालू नका, घडीच्या रेषेवर आतले धागे तुटू शकतात. तो सैलसर गुंडाळूनच ठेवा. आणि गुंडाळण्याआधी पाठीवरून तळहात फिरवून बघा, ओल राहिलेली नाही ना.