बाहेरच्या डिस्कवरून एडिटिंग करताना व्हिडिओ अडकतो? आधी दोष कुणाचा ते शोधा

फोंड्याच्या आसपास देवळांच्या जत्रांना जी मराठी नाटकं होतात, त्यांची रेकॉर्डिंग मी एडिट करते. एका नाटकाला तीन कॅमेरे, आणि सगळं फुटेज पोर्टेबल हार्ड डिस्कवर. टाइमलाइन (क्लिप्स ओळीने मांडून एडिट करायची पट्टी) अडखळायला लागली की बरेच जण नवी डिस्क घ्यायला धावतात. पैसे घालण्याआधी दोष डिस्कचा की कॉम्प्युटरचा, हे ठरवा.

त्यासाठी जिथे अडकतं तिथल्या सगळ्या क्लिप्स कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) कॉपी करा, टाइमलाइनला त्याच जोडा आणि चालवून पाहा. तरीही अडकत असेल तर डिस्क निर्दोष आहे. तुमचं फुटेज एच.२६५ (व्हिडिओ खूप दाबून साठवायची पद्धत) किंवा १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारं) असेल, तर ते उलगडतानाच प्रोसेसरला घाम फुटतो. डिस्क कितीही महागडी आणा, फरक पडणार नाही. अशा वेळी प्रॉक्सी, म्हणजे क्लिप्सच्या हलक्या प्रती, हाच उपाय, त्याकडे पुढे येते.

आतून सुरळीत चाललं, तर मात्र डिस्कपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडलंय. इथे थोडं गणित करा. कॅमेरा १०० मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल, तर ८ने भागून सेकंदाला १२.५ मेगाबाइट. तीन कॅमेऱ्यांचे झाले ३७.५. यूएसबी २.० प्रत्यक्षात देतं ३० ते ४० मेगाबाइट. म्हणूनच एकटा कॅमेरा छान चालतो आणि मल्टिकॅम, म्हणजे तिन्ही कॅमेरे एकदम, उघडला की गाडी रुतते!

मग केबल हातात घ्या. फोनच्या चार्जरबरोबर येणारी टाइप-सी केबल दिसायला अगदी तशीच असते, पण बहुधा यूएसबी २.०च्याच वेगाने डेटा नेते. डिस्कबरोबर आलेली केबलच वापरा, ती थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३च्या पोर्टला लावा आणि स्वस्तातला हब मधून काढून टाका. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली वेग दिसतो: ४८० मेगाबिट दिसले तर चोर सापडला, ५ गिगाबिट हवेत. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत केबलच्या टोकांवर गंजाची पुटं चढतात, त्यामुळे जोडणी मध्येच तुटते. असं टोक दिसलं की केबल सरळ बदला.

केबल ठीक असेल तर ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्टने, विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्कने, वेग मोजा. फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क सलग वाचताना साधारण १०० ते १४० मेगाबाइट देते. पण तीन फायली एकदम वाचताना तिचं हेड सतत इकडून तिकडे उड्या मारतं आणि हा वेग फार खाली येतो. माझं स्पष्ट मत आहे: मल्टिकॅमसाठी एसएसडीच घ्या, तबकडीची डिस्क बॅकअपला ठेवा. कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली) मात्र नेहमी आतल्या एसएसडीवर.

नवी डिस्क परवडत नसेल, किंवा पहिल्या चाचणीत प्रोसेसरच दोषी ठरला असेल, तर प्रॉक्सी बनवा. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिप्स निवडून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. रात्री लावून ठेवलंत तर सकाळी एडिट करायला तयार. या हलक्या फायलीही आतल्याच एसएसडीवर ठेवा. एक्सपोर्टच्या वेळी मूळ फुटेजची डिस्क जोडलेली हवी, आणि डिलिव्हर पानावर 'यूज प्रॉक्सी मीडिया'पुढची खूण काढलेली हवी.