संत्र्याचा केक मधोमध का बसतो? साखर आणि गव्हाशिवाय बेक करताना या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की नागपुरात घरोघरी एकच प्रश्न असतो, एवढ्या संत्र्यांचं करायचं काय? कळमन्याच्या फळबाजारातून पेटी येते, गावाकडून कुणीतरी पिशवी भरून पाठवतं, आणि घरातल्या कुणाच्या तरी डोक्यात येतं की यंदा संत्र्याचा केक करू. मैदा नको, साखर नको, सगळं पौष्टिक. मग ज्वारीचं पीठ, वाटीभर ताजा रस आणि सढळ हाताने खाण्याचा सोडा. ओव्हनमध्ये केक छान फुगतो, बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत मधोमध बसतो. कापला तर तळाशी ओला चिकट थर, आणि चव किंचित कडू. दोष ज्वारीच्या माथी जातो. खरं तर ज्वारीचा यात फारसा हात नसतो. बिघडलेला असतो तो पाण्याचा हिशेब.

साखर काढली म्हणजे फक्त गोडी गेली, असं आपण धरून चालतो. पण साखर केकमध्ये पाणी धरून ठेवते, म्हणून तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. वरचा बदामी रंग बराचसा तिच्यामुळे येतो आणि बुरशीही तिच्यामुळे उशिरा धरते. गव्हातलं ग्लूटेन नावाचं चिवट प्रथिन फुगलेल्या पिठातली हवा अडवून धरतं. ही दोन्ही एकदम काढायची आणि त्यांच्या जागी रस ओतायचा, म्हणजे धरणारं कोणी नाही आणि पाणी मात्र दुप्पट.

रस ओतून गोडी येत नाही

१०० ग्रॅम संत्र्यात ८७ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं आणि साखर जेमतेम ९ ग्रॅम. केळ्यात पाणी साधारण ७५ आणि साखर १२ ग्रॅम. खजुरात मात्र पाणी २० च्या आसपास आणि साखर ६५ पर्यंत. आकडे असे शेजारी मांडले की घोटाळा लगेच कळतो. गोडी कमी वाटली म्हणून आणखी रस जातो, पीठ सैल झालं म्हणून आणखी पीठ जातं, आणि शेवटी हाती येतो एक फिका, जड गोळा.

काही जण रस आटवून घेतात. पाणी जातं हे खरं, पण तो मग पाकच झाला. जागतिक आरोग्य संघटना ज्याला मुक्त साखर म्हणते, त्यात मध, सिरप, फळांचा रस आणि आटवलेला रस हे सगळं येतं. अख्खं फळ येत नाही. त्याच न्यायाने गूळ आणि काकवी घालून ‘साखर नाही’ म्हणायलाही अर्थ नाही. गुळाचा केक करायचा असेल तर खुशाल करा, चांगलाच लागतो, फक्त त्याला बिनसाखरेचा म्हणू नका.

माझं मत सरळ आहे. संत्र्याकडून वास घ्यावा, गोडी मागू नये. गोडी खजूर आणि चांगल्या पिकलेल्या केळ्यावर सोपवावी. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं हवं. पिवळंधमक, कडक केळं दिसायला देखणं असलं तरी त्यात स्टार्च जास्त आणि गोडी कमी असते. आणि केळी मोजून नव्हे, सोलून वजन करून घ्या. ‘दोन केळी’ म्हणजे कधी १५० ग्रॅम, कधी २५०, आणि तेवढा फरक केक बसवायला पुरतो.

कडूपणा कुठून येतो

संत्र्याचा वास सालीच्या अगदी वरच्या केशरी थरातल्या तेलात असतो. त्याखालचा पांढरा भाग कडू. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, सोलायला सुखाची आणि किसायला तितकीच तापदायक, कारण किसणीवर दाबली की ती आत दबते आणि पांढरा भागही सोबत येतो. म्हणून फळ सोलण्याआधी किसा, बारीक किसणीवर, हलक्या हाताने, आणि एका जागी एकदाच फिरवा. फुगीर सालीच्या मोठ्या फळापेक्षा घट्ट सालीचं लहान फळ या कामाला बरं. बाजारातली फळं चकचकीत दिसत असतील तर आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, वर मेणाचा थर असू शकतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. सोललेल्या फोडी बियांसकट मिक्सरमधून काढल्या, किंवा सकाळी रस काढून ठेवला आणि केक संध्याकाळी केला, तर कडूपणा येणारच. संत्र्यात एक द्रव्य असतं, जे अखंड फळात कडू नसतं. पेशी फुटून ते आंबट रसात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन तयार होतं, आणि लिमोनिन कडू. तापवल्यावर ही क्रिया वेगाने होते. काढल्या काढल्या गोड लागलेला रस काही तासांनी कडवट का होतो, याचं उत्तर हेच. रसाचे कारखाने चालवणाऱ्यांचीही नागपुरी संत्र्याबाबत ही जुनी डोकेदुखी आहे. तेव्हा रस वापरायचाच असेल तर दोन-तीन चमचे, बिया काढून, हाताने पिळून, आणि लगेच.

इंटरनेटवर अख्खी संत्री तास-दोन तास उकडून, वाटून बदामाच्या पुडीत मिसळायची एक कृती फार फिरते. ती कृती चांगली आहे, पण तिच्यात साखरही भरपूर असते आणि ती सालीचा कडूपणा झाकते. साखर वगळून तीच कृती करायला गेलात तर केक कुणी खाणार नाही.

संत्र्याच्या फोडी पिठात मिसळणं हेही टाळा. भाजताना प्रत्येक फोड पाणी सोडते आणि तिच्याभोवती कच्चट खड्डा राहतो. दिसायला हव्याच असतील तर पापुद्रा काढून, पुसून, वरून तीन-चार मांडा.

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची फळं फेब्रुवारी-मार्चकडे येतात आणि गोडीला सरस समजली जातात. पण केकमध्ये आपल्याला फक्त साल हवी आहे, त्यामुळे दिवाळीनंतर येणाऱ्या अंबिया बहाराच्या फळांनीही काम भागतं.

पिठाला वेळ न देणं

ज्वारी आणि तांदळाचं पीठ पाणी सावकाश पितं. कालवलं आणि लगेच ओव्हनमध्ये ढकललं तर केक रवाळ होतो, दाताखाली कचकच येते. पीठ वीस-तीस मिनिटं मुरायला हवं. इथे एक पेच आहे, आणि बहुतेक कृतींमध्ये त्याचा उल्लेखच नसतो. सोडा आंबट फळाला लागला की तिथेच फसफसायला लागतो, तो अर्धा तास थांबत नाही. म्हणून सोडा-पावडर न घालता पीठ कालवा, झाकून ठेवा, ओव्हन तापू द्या, आणि अगदी शेवटी सोडा, बेकिंग पावडर आणि सालीचा कीस घालून झटपट मिसळा. लगेच साच्यात.

ग्लूटेन नाही म्हणून जास्त सोडा घालणं ही उलटी चाल आहे. जास्त हवा तयार होते, धरायला कोणी नसतं, ती निसटते आणि केक बसतो. वर साबणासारखी चव राहते. २०० ग्रॅम पिठाला दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा पुष्कळ झाला.

धरून ठेवायला आपल्याकडे जवस आहे. विदर्भात चटणीसाठी तो घरात असतोच. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते, ती एका अंड्याची जागा घेते. पूड कच्च्या जवसाची हवी, मीठ-तिखटाच्या चटणीची नव्हे. इसबगोलही चालतो, पण एका चहाच्या चमच्यावर जाऊ नका, केक रबरी होतो.

नुसत्या एका पिठाचा हट्टही सोडा. नुसती ज्वारी भुगा होते, नुसता तांदूळ कोरडा पडतो, राजगिरा चिकट आणि वासाला उग्र. नाचणी केळं-खजुराबरोबर सुरेख जमते, संत्र्याच्या नाजूक वासावर मात्र कुरघोडी करते. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं घ्या. डब्यात महिनाभर पडलेलं कडवट लागतं, आणि तो कडूपणा पुन्हा संत्र्याच्या नावावर खपतो.

सुरुवातीला हे प्रमाण धरा. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, तांदळाचं ५०, बदामाची पूड किंवा फल्लीदाण्याचा (शेंगदाण्याचा) बारीक कूट ५०. सोललेली केळी २००. बिया काढलेला खजूर १००, तो ८० मिलिलिटर गरम पाण्यात भिजवून त्याच पाण्यात वाटलेला. दोन अंडी किंवा तेवढा जवस, ६० मिलिलिटर तेल, चिमूटभर मीठ, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, आणि वर सांगितलेली पावडर व सोडा. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्टच हवं, पळीतून गोळ्यागोळ्याने पडणारं. मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत पीठ जास्त पाणी मागतं, तेव्हा दोन चमचे पाणी वाढवा. पावसाळ्यात मात्र हात आखडता ठेवा.

सगळीच फळं ओव्हनची नसतात

सीताफळाच्या मोसमात गर काढून केकमध्ये घालायचा मोह होतो. तापवल्यावर सीताफळाचा गर कडवट होतो आणि त्याचा मूळ वासही जातो. तो गार झालेल्या केकवर थापा, दह्याच्या चक्क्यात मिसळून तर फारच छान. चिकू चालतो, पण पूर्ण मऊ झालेलाच, अर्धकच्चा तोंडात खडबडीत लागतो. सफरचंद किसून पिळून घ्या.

टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरलेली पपई. सुक्या क्रॅनबेरीत बहुधा साखर घातलेली असते, डब्यातल्या आमरसातही असते. मनुका, काळ्या मनुका आणि सुके अंजीर ठीक, पाकिटामागचा मजकूर वाचून घ्या.

ओव्हन

खजुराची साखर लवकर काळपट होते, त्यामुळे वरून केक झालेला दिसतो आणि आत कच्चा असतो. १६०-१६५ अंशांवर ४५-५० मिनिटं ठेवा, वरचा रंग गडद व्हायला लागला तर फॉइल झाका. उलट खजूर कमी घातलेला केक पूर्ण भाजूनही फिका राहतो, त्याला रंग येईपर्यंत ठेवलात तर वाळेल. म्हणजे दोन्ही बाजूंनी रंग फसवतो. सुरी घालूनच बघा, ओलसर कण चिकटले तर चालतील, ओलं पीठ नको. साचा उथळ घ्या किंवा सरळ मफिन करा, खोल डब्यात मधला भाग शिजायच्या आधीच कडा वाळतात. आणि गरम असताना कापू नका. हा केक गार होताना घट्ट धरतो, गरम कापलेला आत चिकटच दिसणार आणि तुम्हाला वाटणार की कच्चा राहिला.

घरात सेलियाकचा रुग्ण असेल तर

सेलियाक म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. तो असेल तर वरच्या सगळ्या चुका किरकोळ ठरतात. साच्याला तूप लावून वर मैदा भुरभुरायची सवय हाताला इतकी लागलेली असते की ग्लूटेनमुक्त केकलाही तोच मैदा लागतो. तांदळाचं पीठ भुरभुरा किंवा बटर पेपर लावा. चक्कीवर गव्हानंतर दळलेली ज्वारी चालत नाही, दगडात आणि नळीत गव्हाचं पीठ राहिलेलं असतं. घरघंटीत गहू दळत असाल तर तेच. पिठाची चाळणीही वेगळी ठेवा. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात ग्लूटेन किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. ही मर्यादा चिमूटभर पिठानेही ओलांडली जाते. खपली गहू हा गहूच आहे, त्यातही ग्लूटेन असतं. रवा, दलिया आणि जवही बाद. ओट्स गव्हासोबत हाताळलेले असतात, तेव्हा ‘ग्लूटेनमुक्त’ असा शिक्का असलेलेच घ्या.

आणि तपासणी व्हायच्या आधी स्वतःहून गहू बंद करू नका. गहू बंद असताना केलेल्या तपासणीत आजार असूनही नसल्यासारखं दिसू शकतं. आधी डॉक्टर, मग केक.

मधुमेह आणि ‘आपला घरचा केक’

वरच्या प्रमाणात खजूर आणि केळं मिळून साखर जवळपास ९० ग्रॅम होते. दहा तुकडे केले तर एका तुकड्यात ९ ग्रॅम, शिवाय पिठाचा स्टार्च वेगळा. बाजारच्या केकपेक्षा हे निश्चित बरं, पण बाबांना ‘यात साखर नाही, घ्या’ म्हणून तीन तुकडे वाढायचे नसतात.

ठेवायचा कसा

वेगळी साखर घातलेली नसल्यामुळे हा केक टिकत नाही. हिवाळ्यात बाहेर एक दिवस, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याच दिवशी फ्रिजमध्ये, आणि तिथेही तीन दिवस. फ्रिजमध्ये तांदळाच्या पिठामुळे तो कडक होतो. शिळा झाला म्हणून टाकू नका. मंद तव्यावर तुकडा ठेवा, शेजारी पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा आणि दोन मिनिटं झाकण घाला, पुन्हा मऊ होतो. जास्त झाला असेल तर गार झाल्यावर तुकडे करून, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे हवा तेवढाच काढता येतो.