अण्णांचं मृत्युपत्र असं मार्गी लागलं
मिरज तालुक्यातली आमची सगळी जमीन अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर. मसुदा लिहिताना अडलं ते वडिलोपार्जित रानापाशी. तिथं अण्णांना फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देता येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं माझ्या बहिणींचाही जन्मतः समान वाटा आहे, आणि तो असायलाच हवा. नुसत्या सातबाऱ्यावरून उलगडा होईना. जुने फेरफार, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याच्या नोंदी काढल्या, तेव्हा आजोबांकडून आलेले गट (जमिनीचे तुकडे) आणि अण्णांनी खरेदी केलेले गट वेगळे झाले. मग गट नंबरासह सगळं स्पष्ट लिहिलं. बँकेतल्या ठेवीही घातल्या, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. साक्षीदार दोन, वारसांबाहेरचे, अण्णांपेक्षा तरुण. नोंदणी सक्तीची नाही, तरी सांगलीत दुय्यम निबंधकांकडे करून घेतली. मुद्रांक शुल्क लागलं नाही.