घसा दुखला की अझिथ्रोमायसिन? या चुका टाळा

रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या आपल्या मराठी घरांत मुलाचा घसा धरला की आधी कोपऱ्यावरचं मेडिकल गाठलं जातं. "भैया, वो तीन दिनवाली गोली दे दो." म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. पहिली चूक इथेच होते. बहुतेक घसादुखी व्हायरसमुळे होते, तिथे अँटिबायोटिक कामच करत नाही. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज सोबत असेल तर स्ट्रेपची, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या घसादुखीची, शक्यता कमीच.

दुसरी चूक मला जास्त खुपते. स्ट्रेप खरोखर असला, तरी "जुनं औषध नको, भारी द्या" असा आग्रह धरला जातो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिसवर पेनिसिलिन १९४०च्या दशकापासून आजतागायत लागू पडतं. अझिथ्रोमायसिनला मात्र हा जंतू दोन प्रकारे चकवतो. ईआरएम जनुक रायबोसोमवर (जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर) औषध बसण्याच्या जागी मिथाइल गट चिकटवतं, मग औषधाला तिथे धरच मिळत नाही. एमईएफ जनुक असेल तर आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकलं जातं.

ईआरएम कधीकधी दबा धरून बसतं. तेव्हा क्लिंडामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक रिपोर्टात चालेलसं दिसतं आणि उपचारात दगा देतं. म्हणून लॅबने डी-टेस्ट टाळू नये. रक्त घातलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) एरिथ्रोमायसिन (अझिथ्रोमायसिनच्याच गटातलं औषध) आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या १२ मिमी अंतरावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी क्लिंडामायसिनभोवतीचं स्वच्छ वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं झालं, अगदी इंग्रजी 'डी'सारखं, तर रिपोर्टात 'रेझिस्टंट' लिहायचं.

न्यूमोनियाचा न्यूमोकोकस याच कुळातला, पण त्याची तऱ्हा वेगळी. घशातल्या भाऊबंदांकडून जनुकांचे तुकडे उचलून तो पेनिसिलिन जिथे चिकटतं ती प्रथिनंच बदलतो. औषध तोडणारं बीटा-लॅक्टमेज त्याच्याकडे नसतं, त्यामुळे बीटा-लॅक्टमेजला रोखणाऱ्या क्लॅव्हुलॅनिक ॲसिडच्या जोडीने त्याच्यावर जास्त फरक पडत नाही. अमॉक्सिसिलिनचा डोस वाढवणं उपयोगी ठरतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

स्वॅब (तपासणीसाठी घशातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) पहिल्या गोळीआधी द्या, नंतर दिलात तर कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं) खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. आणि कृपा करून, ताप उतरला म्हणून दुसऱ्या दिवशी औषध बंद करू नका. स्ट्रेपच्या घशाला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा कोर्स साधारण १० दिवसांचा असतो. हेतू स्ट्रेपनंतर येऊ शकणाऱ्या संधिवाताच्या तापापासून (रुमॅटिक फीव्हर) हृदयाच्या झडपा वाचवण्याचा आहे. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांत औषध सुरू झालं तरी हा धोका टळू शकतो, म्हणजे तपासणीपुरता वेळ नक्की असतो.

पेनिसिलिनने पूर्वी अंगावर पित्त उठलं असेल किंवा धाप लागली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मॅक्रोलाइडची (अझिथ्रोमायसिनच्या गटातल्या औषधाची) गरज अशा वेळी पडू शकते, आणि मग जंतूवर कोणतं औषध चालेल ते सांगणारा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट जरूर मागा.