विंडोज ७ वर कुठला ब्राउझर टाकायचा?

सोसायटीच्या ऑफिसात, क्लासमध्ये, तुर्भ्याच्या मार्केटात गाळ्यांवर अजून विंडोज ७ चे डबे चालू आहेत आणि मस्त चालतात, तक्रार काहीच नाही, फक्त क्रोम उघडलं की वर पट्टी येते की पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल, आणि सगळे तिच्यावर फुली मारून कामाला लागतात. ती पट्टी खरं सांगतेय हो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९, २०२३ च्या जानेवारीतलं. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर एजसुद्धा १०९ लाच थांबला. त्यानंतर क्रोमच्या सुरक्षेत जी भोकं सापडली ती नव्या व्हर्जनमध्ये बुजवली, पण काय बुजवलं ते जगजाहीर होतं ना, म्हणजे तुमच्या १०९ मध्ये कुठून शिरायचं याची यादीच चोरांना आयती मिळते.

तर आधी विंडोज कुठलं ते बघा, माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज. तिथे १० दिसलं तर घाबरायचं कारण नाही, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी ब्राउझर लगेच बंद होत नाहीत, एज तर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देणार आहे. एक्सपी दिसलं तर इंटरनेटचा विषयच सोडा, क्रोम ४९ ला थांबलं आणि फायरफॉक्स ५२ ला.

७, ८ किंवा ८.१ वाल्यांनी फायरफॉक्स ११५ ईएसआर घ्यायचं. ईएसआर म्हणजे ज्यात नवीन फीचर येत नाहीत पण सुरक्षेचे पॅच येत राहतात ते. जुन्या विंडोजसाठी मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी, त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, पण कायमची नाही, म्हणून टाकायच्या आधी मोझिलाच्याच साइटवर तारीख बघून घ्या आणि डाउनलोडही तिथूनच करा, ‘विंडोज ७ साठी लेटेस्ट क्रोम’ असली बटणं असलेल्या भलत्याच साइटवरून अजिबात नाही. आधीपासून फायरफॉक्स असेल तर मेनूत हेल्प, मग अबाउट फायरफॉक्स उघडा, आकडा ११५.१३ च्या खाली असेल तर लगेच अपडेट करा, कारण त्यातलं एक सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं आणि अ‍ॅड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, बंद पडायला लागले. मग यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं अ‍ॅड-ऑन टाका, फसव्या जाहिराती बऱ्याच कमी होतात, आणि सेटिंगमध्ये एचटीटीपीएस-ओन्ली मोड चालू करा, म्हणजे असुरक्षित जोडणीची साइट उघडण्याआधी इशारा मिळतो.

सुपरमियम नावाचा ब्राउझर पण एक आहे, क्रोम ज्यावरून बनतं त्या क्रोमियमवरूनच बनवलेला, अगदी एक्सपीवरही चालतो. बातम्या वाचायला ठीक, पण पासवर्ड मी त्यात टाकणार नाही. आणि काही जण ‘ब्राउझर जुना आहे’ हा मेसेज घालवायला एक्स्टेंशन टाकतात, त्याने फक्त साइटची फसवणूक होते, भोक तिथंच राहतं.

पण खालचं विंडोजच जुनं, त्यातली भोकं फायरफॉक्स कशी बुजवणार? म्हणून महावितरणचं बिल, महापालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स, नेटबँकिंग, जिथे जिथे ओटीपी येतो ते सगळं दुसऱ्या अपडेटेड मशीनवर किंवा फोनवर. गाळ्यावर जुन्या टॅलीसाठीच डबा ठेवला असेल तर सरळ लॅनची वायर काढून टाका, बिलं छापायला नेट कशाला लागतंय.

टॅलीबिलीची भानगड नसेल तर लिनक्स मिंट बघा, विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम, त्यातलं एक्सएफसीई वालं, म्हणजे हलकं. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं, आणि त्यात फायरफॉक्स नेहमी ताजं राहतं. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, इन्स्टॉल करायची गरज नाही, तेव्हाच वायफाय आणि प्रिंटर दोन्ही तपासून घ्या, प्रिंटर आधी, कारण ऑफिसात आरडाओरडा त्याच्यावरूनच होतो. पसंत पडलं की डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, फायली खरंच उघडतायत का ते बघा आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.